काटकसर कोणी करायची?

औंध म्हटले की आज बहुतेकांना पुण्याचे उपनगर आठवते. उंच इमारती, रुंद रस्ते, आणि अशा उपनगरांत अलीकडे हमखास आढळणारे एखादे दुकान, जिथे काचेच्या बरण्यांतून सुटे धान्य मिळते, बांबूचे दातघासणे मिळतात, नारळाच्या काथ्याचे भांडी घासायचे ब्रश मिळतात आणि या सगळ्यावर 'कचरामुक्त जीवनशैली' अशी पाटी असते. त्या पाटीखाली दोन आश्वासने असतात. एक, पृथ्वी वाचेल. दोन, तुमचे पैसेही वाचतील.

प्रस्तुत लेख दुसऱ्या, जुन्या औंधाविषयी आहे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव १९४८ पर्यंत एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. बहात्तर गावांचे हे संस्थान सलग नव्हते. आजच्या हिशेबाने त्याचे तुकडे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, आणि एक तर थेट विजापूरकडे विखुरलेले होते. आटपाडी त्यात होते, कुंडल त्यात होते. पाऊस बेताचा, जमीन माळाची, पीक बेभरवशाचे. असे असूनही या टीचभर मुलखाने मराठी साहित्य संमेलनाला चार अध्यक्ष दिले. १९३५ साली इंदूरला खुद्द संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, १९७३ साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि १९८४ साली जळगावला शंकरराव खरात. एक राजा, एका गरीब ब्राह्मण कुटुंबातले दोघे भाऊ आणि आटपाडीच्या महारवाड्यात जन्मलेला एक लेखक. काटकसर या गोष्टीकडे चार वेगळ्या उंचीवरून पाहण्याची सोय याहून चांगली कुठे मिळणार?

काटकसरीच्या नव्या लाटेची टिंगल करण्याचा हेतू नाही, हे आधी नोंदवतो. तिचा हिशेब बरोबर आहे. रोज वीस रुपयांची पाण्याची एक बाटली विकत घेणाऱ्याचे वर्षाला सात हजार तीनशे रुपये जातात; त्याने घरून स्टीलच्या बाटलीत पाणी नेले, तर बाटलीची किंमत महिन्याभरात भरून निघते. कागदी रुमालांऐवजी जुन्या धोतराचे फडके, पातळ पिशवीऐवजी कापडी पिशवी, फेकायच्या पेनाऐवजी शाईचे पेन, या सगळ्यांत पैसा वाचतो आणि कचराही कमी होतो. वाद तेथे नाही. वाद सुरू होतो तो या सवयींना 'आपल्या आजीचे शहाणपण' असे नाव दिले जाते तेव्हा. साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून आपला संबंध तेथे येतो, कारण त्या आजीचे घर आपण पुस्तकांतून पाहिलेले असते, आणि पुस्तकांतले ते घर जाहिरातीतल्या घरासारखे दिसत नाही.

सुरुवात भाषेपासून करू. मराठीत वस्तू पुन्हा वापरण्याची शब्दसंपत्ती अफाट आहे. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोके जोडून शिवायची, याला दंड घालणे म्हणत. तेही फाटले की त्याचे परकर, मग दुपटी, मग वाकळेचे थर, मग चिंध्या, आणि शेवटी पोतेरे. भांड्याला कल्हई होती, गळक्या घागरीला डाग देणे होते. तांब्यापितळेचे भांडे अगदीच कामातून गेले तर ते वजनावर मोड म्हणून देऊन त्यात भर घालून नवे घेत. कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारावर येई. एका लुगड्याच्या आयुष्यात इतके टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र शब्द!

मात्र या शब्दांची भाषेत पुढे काय गत झाली तेही पाहावे. एखाद्या कादंबरीवर टीका करायची तर आपण म्हणतो, प्रसंगांना ठिगळे लावली आहेत. एखादा विचार कालबाह्य ठरवायचा तर तो मोडीत काढतो. जुना विषय पुन्हा काढणाऱ्याला शिळ्या कढीला ऊत आणणारा म्हणतो, आणि अप्रतिष्ठा झाली तर चिंध्या झाल्या म्हणतो. उलट गौरवाचे शब्द सारे नव्याचे. कोरे ते चांगले, आणि कोरे म्हणजे मुळात पाणी न लागलेले कापड. नव्या लुगड्याची घडी मोडण्यालासुद्धा आपल्याकडे मान होता; दुसऱ्या कोणाला, बहुधा लेकीला वा सुनेला, घडी मोडायला देणे हे प्रेमाचे लक्षण होते. दंड घातलेले लुगडे प्रथम नेसण्याचा मात्र कोणताही समारंभ नव्हता. ते निऱ्यांत लपवायचे असे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या समाजाने दुरुस्तीची इतकी कौशल्ये जोपासली, त्याला त्या दुरुस्तीचा अभिमान नव्हता. असलाच तर तो घरातल्या घरात होता. बाहेर ती लाज होती. 'आजीचे शहाणपण' म्हणताना आपण आजीचे हात पाहतो आणि तिची लाज विसरतो. शहाणपण खरेच होते. पण ते गरजेपोटी आलेले होते, आणि गरज संपताच आजीने स्वतःच पहिली प्लॅस्टिकची बादली हौसेने विकत आणली होती. तिला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता वाकळ घेऊ. माणदेशात गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून त्यांवर धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालत जायचे. बाहेरून आत, चौकोनात चौकोन. उन्हाळ्यात शेताची कामे थंडावली की दुपारी हे काम निघे. शहरातल्या हस्तकला प्रदर्शनात अशीच गोधडी मांडलेली असली की तिची किंमत हजारांत असते, आणि ती रास्तच आहे, कारण तेथे श्रमाचा मोबदला धरलेला असतो. घरातल्या वाकळेची किंमत शून्य धरली जाई, कारण ती शिवणारीच्या वेळेची किंमत शून्य होती. 'जुन्यातून नवे, एक पैसा खर्च न करता' हे वाक्य ऐकले की मला हे शून्य आठवते. पैसा खर्च झाला नाही हे खरे. पण कोणाची तरी पाठ, कोणाचे तरी डोळे आणि कित्येक दुपारी खर्च झाल्या. काटकसरीच्या जमाखर्चात ही बाजू लिहिलीच जात नाही. आजही घरातला कचरा वेगळा करणे, कापडी पिशव्या धुणे, डब्यांतले उरलेले अन्न संपवण्याची युक्ती शोधणे ही कामे नव्याने घरात आली, तर ती कोणाच्या वाट्याला येतात ते ज्याने त्याने आपापल्या घरात पाहावे.

माणदेशातली दुसरी वस्तू घोंगडी. 'बनगरवाडी' वाचलेल्याला ती वेगळी सांगायला नको. मेंढ्या आपल्या, लोकर आपली, विणणारे सनगर जवळपासचे. कापड कडक व्हावे म्हणून चिंचोक्याची खळ द्यायची. पावसात खोळ, थंडीत पांघरूण, एरवी बसायला आसन आणि वेळप्रसंगी ओझे बांधायला गाठोडे. चार वस्तूंचे काम एका वस्तूने करण्याचे इतके नेमके उदाहरण आजच्या कोणत्याही सुटसुटीत जगण्याच्या पुस्तकात सापडणार नाही. तरीही १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी वाचून कोणी धनगरांच्या साध्या राहणीचा हेवा करील असे वाटत नाही. अंजीला एक चोळी शिवून हवी असते, आणि त्या एका चोळीवरून गावात संशयाचे केवढे वादळ उठते! चोळी ही तेथे नित्याची वस्तू नसून घटना आहे. आणि कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो, तेव्हा या अल्पगरजी माणसांपाशी कमी करण्यासारखे काहीच उरलेले नसते. ज्याच्याजवळ चार वस्तू आहेत तो दुष्काळात दोनांवर येऊ शकतो. ज्याच्याजवळ एकच घोंगडी आहे त्याला गाव सोडावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांनी हे कोणताही निष्कर्ष न काढता मांडले आहे. वर्गात तो निष्कर्ष काढण्याचे काम आपले आहे, आणि 'साधे, निसर्गाशी एकरूप जीवन' असे परीक्षेच्या उत्तरातले वाक्य पुढे करून आपण ते टाळतो.

काटकसर आणि ओढग्रस्ती यांतला फरक येथे आहे. काटकसर करणाऱ्यासमोर पर्याय असतो. ओढग्रस्ताला तो नसतो. बाहेरून दोघांची कृती सारखीच दिसते, दोघेही उरलेली भाकरी टाकत नाहीत. पण एकाची कृती गुण म्हणून मोजता येते, दुसऱ्याची नाही. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे कौतुक आपल्या भाषेने पुष्कळ केले. तिच्या घरात कोंडाच का उरला, हे विचारणारी म्हण मला आठवत नाही.

पुनर्वापराच्या प्रश्नाला याहून गडद एक बाजू आहे आणि ती टाळून या विषयावर मराठीत लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय वापरावे ते सांगितले आहे: फुटकी भांडी आणि मृतांची वस्त्रे. म्हणजे दुसऱ्याने टाकलेली वस्तू वापरणे हे आपल्या समाजात काहींना आवडीने नव्हे, तर शास्त्राने लावून दिलेले होते. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' या १९८१ सालच्या आत्मकथनात हे शास्त्र आटपाडीच्या गल्लीबोळांत कसे चालत असे ते दिसते. गावकीची कामे करायची आणि त्याच्या बदल्यात दारोदार भाकरी मागून आणायची. ताज्याशिळ्याची निवड घेणाऱ्याच्या हाती नसे. गावाच्या दृष्टीने पाहिले तर यात काहीच वाया जात नव्हते! उरलेले अन्न, फाटलेले कापड, मेलेले जनावर, सगळ्याची व्यवस्था लागलेली होती. ज्याला आज आपण शून्य कचरा म्हणतो तो गावाने एका जातीच्या अंगावर टाकून साधला होता.

म्हणूनच १९२७ सालच्या महाडच्या परिषदांमध्ये डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचा आग्रह धरला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात स्त्रियांसमोर बोलताना जातीची खूण सांगणारी वस्त्रे व दागिने टाकायला सांगितले. त्याच वेळी लुगडे फाटके असले तरी चालेल, ते स्वच्छ असावे, असाही त्यांचा आशय होता. या दोन सूचना शेजारी ठेवून वाचाव्यात. फाटक्या वस्त्राला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो दुसऱ्याने ठरवून दिलेल्या टाकाऊपणाला. आपले फाटलेले आपण शिवून नेसणे आणि दुसऱ्याचे फाटलेले आपल्यावर लादले जाणे, या दोन गोष्टींत अख्ख्या आत्मसन्मानाचे अंतर आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' हे घोषवाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवताना वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी 'टाकाऊ' या शब्दाचा अर्थ एकच नसतो, एवढे भान शिक्षकाला हवे.

हे भान आजच्या एका उदाहरणात फार निकडीचे होते. पाळीच्या दिवसांत वापरायच्या, धुऊन पुन्हा घेता येणाऱ्या कापडी घड्या आता शहरांत पर्यावरणपूरक म्हणून विकल्या जातात. त्यांची उपयुक्तता मान्यच आहे. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीनुसार देशातल्या पंधरा ते चोवीस वयाच्या सुमारे निम्म्या स्त्रिया पाळीत कापड वापरतच आहेत. ते कापड धुवायला पुरेसे पाणी आणि वाळवायला आडोशाची, पण उन्हाची जागा या दोन गोष्टी नसतील, तर तीच वस्तू आजाराचे कारण ठरते. एकीला परत कापडाकडे जाणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे; दुसरीला कापडातून सुटणे हा. दोघींना एकच व्याख्यान देता येणार नाही.

पाण्याचा उल्लेख आलाच आहे तर माणदेशाचा आणखी एक धडा सांगतो. एकदा वापरून फेकायची वस्तू वाईट आणि धुऊन पुन्हा वापरायची चांगली, हा नियम सरसकट खरा नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ एकदाच वापरतात. ती जेवण झाल्यावर जनावर खाते किंवा उकिरड्यावर कुजून खत होते, आणि शंभर माणसांच्या पंगतीची ताटे धुवायचे पाणी वाचते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे स्टीलच्या ताटांपेक्षा पत्रावळच अधिक काटकसरीची. याउलट कापडी पिशवी. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने सुती पिशवी एकशे एकतीस वेळा वापरली, तरच ती एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करते. कापूस पिकवायला आणि कापड तयार करायला लागणाऱ्या साधनांचा तो हिशेब आहे. तेव्हा घरात आधीच जुन्या परकराची पिशवी असताना दर कार्यक्रमात मिळणारी नवी छापील कापडी पिशवी घरी आणणे ही काटकसर नव्हे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, २०२२ च्या १ जुलैपासून एकदा वापरायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यांच्या जागी आपण काय आणले आणि ते किती वेळा वापरले, हा प्रश्न बंदीने सुटत नाही.

आता राजाकडे वळू. या सगळ्या ओढग्रस्त मुलखात भवानराव पंतप्रतिनिधी हा एक विलक्षण माणूस होऊन गेला. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचा प्रचारक. सूर्यनमस्कार त्यांनी संस्थानातल्या शाळांत सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली. त्या व्यायामाला लागते काय? अंगाएवढी जागा. उपकरणे नाहीत, आखाड्याची माती नाही, शुल्क नाही. गरीब संस्थानाला परवडेल असा तो व्यायाम होता. काटकसर म्हणजे नव्याला नकार, अशी त्यांची समजूत मात्र नव्हती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा त्यांनीच दिली, आणि तेथे लोखंडी नांगर तयार झाले. कलेसाठीही त्यांनी हात आखडता घेतला नाही. यमाईच्या डोंगरावरचे १९३८ सालचे वस्तुसंग्रहालय त्याची साक्ष देत उभे आहे.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी कृती वेगळी. १९३८ साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले, आणि १९३९ च्या जानेवारीत औंधची स्वराज्य घटना अमलात आली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा हात होता आणि युवराज अप्पासाहेब पंतांचा उत्साह होता. कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभा करायचा होता. गांधीजींची राजाकडून अपेक्षा स्पष्ट होती: राजाने साधे राहावे, स्वतःवरचा खर्च मर्यादित करावा. गरीब संस्थानात पैसा वाचवायचा तर तो कोठून वाचवायचा, याचे हे सरळ उत्तर होते. धनगराची घोंगडी कमी करता येत नाही. वाड्याचा खर्च कमी करता येतो. याच फ्रीडमननी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभारली, भिंतींवाचून आणि बेड्यांवाचून. १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांनी त्यावरूनच रचली. समाजाने टाकून दिलेली माणसेसुद्धा टाकाऊ नसतात, इतक्या टोकापर्यंत औंधने हा विचार नेला होता.

औंधचा प्रयोग नऊ वर्षे चालला आणि १९४८ साली संस्थान विलीन झाले. तो यशस्वी झाला की नाही, याची चर्चा राज्यशास्त्राचे अभ्यासक करोत. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. ज्याला उधळता येत होते त्याच्यापासून काटकसर सुरू झाली. आज तो क्रम उलटलेला दिसतो. कमी वस्तू वापरा, कमी कचरा करा, हा उपदेश सर्वांना सारख्याच आवाजात केला जातो. त्यातही गरिबाच्या हातातली शाम्पूची पुडी आधी डोळ्यांवर येते.

या पुडीचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. १९८०च्या दशकापासून एक-दोन रुपयांच्या पुड्यांनी खेड्यापाड्यांतली दुकाने भरली. अनेक थरांचे प्लॅस्टिक असल्याने भंगारवाला ती घेत नाही, आणि ती गटारात साचते हे खरे. पण रोजंदारीवर जगणारी बाई पुडी घेते ती बेफिकिरीने नव्हे. मोठी बाटली घ्यायला लागणारे शंभर-दोनशे रुपये एका वेळी तिच्या हातात नसतात. कमी पैशांत जगायचे तर आधी हाताशी पैसे असावे लागतात, ही काटकसरीच्या पुस्तकांनी न सांगितलेली अट आहे. पाच किलोंचा डबा स्वस्त पडतो, पण तो घेण्याची ऐपत असलेल्याला. म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांनी सुरू केलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने या प्रश्नाचे दुसरे टोक धरले. दारात, बाजारात जाऊन बाईची रोजची छोटी रक्कम गोळा करायची आणि तिच्या नावावर साठू द्यायची. माणदेशातल्या स्त्रीला वस्तू जपून वापरायला शिकवण्याची गरज कोणालाच नव्हती. तिची बचत तिच्या स्वतःच्या नावावर राहावी, ही गरज होती.

आणि आपला कचरा शेवटी कमी कोण करते? आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा खाणीचे काम सुटल्यावर मुंबईत मढ्यांच्या राखेतून सोने वेचतो. ती कथा भयकथा म्हणून वाचणे सोपे आहे. शहराच्या टाकाऊतून पोट भरणाऱ्यांची पहिली महत्त्वाची मराठी नोंद म्हणून ती वाचली, तर आपण थेट पुण्यात येऊन पोचतो. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला घेतला. लेखाच्या सुरुवातीला उल्लेखलेल्या उपनगरातला ओला-सुका कचरा रोज सकाळी अशाच हातांनी हाताळला जातो. त्या उपनगरात कोणाला खरोखर काटकसरीने राहायचे असेल तर पहिली गोष्ट बांबूचा ब्रश नव्हे. कचरा नीट वेगळा करून, गुंडाळण्यासारखे गुंडाळून, दारात येणाऱ्या बाईच्या हातात देणे आणि तिचे शुल्क घासाघीस न करता देणे, ही पहिली गोष्ट आहे. घासाघीस करून वाचवलेला पैसा दुसऱ्याच्या ताटातला असतो.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे, म्हणजे साहित्याच्या घराकडे पाहू. आपण उपदेश करणारे आहोत, आणि उपदेशकाची झडती घ्यायलाच हवी. महाविद्यालयातले एक दिवसाचे चर्चासत्र डोळ्यांसमोर आणावे. प्रवेशद्वारावर प्लॅस्टिकचा फलक, ज्यावर पाहुण्यांहून मोठी छायाचित्रे आयोजकांची असतात. व्यासपीठावर प्रत्येकापुढे पाण्याची बंद बाटली, निम्मी पिऊन सोडलेली. प्लॅस्टिकात गुंडाळलेले पुष्पगुच्छ, जे खुर्चीखाली राहतात. शाल, श्रीफळ, आणि स्मृतिचिन्ह नावाची एक वस्तू, जिचा पुनर्वापर कोणत्याही आजीला साधला नसता. सहभागींना नवी फाइल, नवी पिशवी, नवे पेन. आणि चर्चासत्राच्या निबंधांचा जाडजूड ग्रंथ, जो लिहिणाऱ्यांखेरीज कोणी उघडत नाही. विषय पुष्कळदा 'ग्रामीण साहित्यातील पर्यावरणभान' हाच असतो! यातला पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून किंवा सरकारी अनुदानातून येतो. तो वाचवला तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन-चार कपाटे पुस्तके येतील, किंवा माणदेशातून येणाऱ्या एखाद्या मुलीचे वसतिगृहाचे वर्ष निघेल.

हे करायला शासकीय आदेशाची गरज नाही. माठ आणि पेले ठेवावेत. फलक कापडी असावा आणि त्यावर फक्त महाविद्यालयाचे नाव, म्हणजे तो दहा वर्षे चालतो. सत्कार करायचाच तर ग्रंथालयातल्या एखाद्या जीर्ण पुस्तकाची बांधणी पाहुण्यांच्या नावे करून घ्यावी. पुस्तकालाही दंड घालता येतो. आणि या बदलांतून जी धुण्यापुसण्याची कामे वाढतील ती शिपाईमावशींवर न ढकलता ज्यांनी पाणी प्यायले त्यांनी वाटून घ्यावीत. संमेलनाच्या अध्यक्षपदी एकेकाळी एक राजा बसला होता आणि त्याने पुढे तीनच वर्षांत आपला अधिकार सोडायचे ठरवले. आपल्याला तर फक्त पाण्याची बाटली आणि शाल सोडायची आहे.